शाळेतली ‘लँड रन’: मुलांना धावायला लावावं का?

माळरान
आम्ही अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात राहतो. इथे दर एप्रिलात ‘लँड रन’, म्हणजे १८८९ ची जमीन मिळवण्यासाठीची धाव, साजरी होते. गथ्री गावात मोठी मिरवणूक निघते. काही शाळांत लहान मुलांना जुन्या पद्धतीच्या टोप्या घालून मैदानाच्या कडेला उभं करतात. शिट्टी वाजली की मुलं खेळण्यातल्या गाड्या ओढत धावतात आणि झेंडी रोवून म्हणतात, ‘ही जमीन माझी’. यंदा माझ्या लेकीच्या वर्गाची पाळी आहे.

मिरवणूक असू द्या, पण ही धाव बंद व्हावी असं मला वाटतं. २२ एप्रिल १८८९ ला भर दुपारी बारा वाजता इशारा झाला आणि सुमारे ५०,००० माणसं जवळजवळ २० लाख एकरांवर आपापला हक्क सांगायला सुटली. सरकारदप्तरी ती जमीन ‘कुणालाही न दिलेली’ होती. पण यादवी युद्धानंतर, १८६६ च्या तहांत, क्रीक आणि सेमिनोल या मूळ अमेरिकन जमातींना ती सोडायला लावली होती. लेकीच्या वर्गात चोक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या घरातलीही मुलं आहेत. त्यांनी झेंडी कुठे रोवायची?

गथ्रीकर
माळरान, मी इथे बावीस वर्षं आहे आणि तुमचं म्हणणं मला मान्य नाही. धावणाऱ्यांत बरेच जण गरीब होते, स्वतःची जमीन नसलेले. १६० एकर मिळायची, पण पाच वर्षं तिथे राहून कसली तरच नावावर. पहिल्या थंडीत कित्येक कुटुंबं जमिनीत खणलेल्या खोलीत नाहीतर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या भिंतींत राहिली. विधवेला, एकट्या बाईला स्वतःच्या नावावर हक्क सांगता येत होता. गुलामी संपून पंचवीस वर्षंही झाली नव्हती, तरी कृष्णवर्णीय माणसं आली. १८९० मध्ये त्यांनी लँग्स्टन वसवलं, १८९७ मध्ये तिथे उच्च शिक्षणाची संस्था उभी राहिली. या सगळ्यांना चोर ठरवायचं? आणि जमातींना पैसे दिलेच होते की.

माळरान
पैशांचंच बघा. सेमिनोलांना १८६६ मध्ये एकरी १५ सेंट मिळाले आणि राहायला जागा हवी म्हणून क्रीकांच्या भागातली जमीन एकरी ५० सेंटने विकत घ्यावी लागली. १८८९ मध्ये आणखी रक्कम दिली हे खरं, पण ‘नाही’ म्हणायची सोय त्यांना होती का? चोर मी कुणालाच म्हटलेलं नाही. लँग्स्टनबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. ते मी लेकीला सांगितलंच नव्हतं, आज सांगते.

कृष्णाकाठ
आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. धरणाची वीज आमच्याही घरात जळते, तिला मी नावं ठेवत नाही. पण शाळेत धरणाचा धडा शिकवताना उठलेल्या गावांचा एक शब्द निघाला नाही. तेव्हा मी नववीत होतो, अजून ते सलतं. म्हणून त्या चोक्टॉ मुलांचा विचार आधी येतो.

पाटी-पेन्सिल
मी शिक्षिका आहे. मूल नाटकात जी भूमिका करतं, ती त्याच्या मनात राहते. या खेळात उठवल्या गेलेल्यांची भूमिकाच नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ती देऊही नये. ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये ही धाव बंद केली, ते मला योग्य वाटतं. आणखी एक. बाराच्या आधीच आत शिरून चांगल्या जागा बळकावणाऱ्यांना ‘सूनर’ म्हणत. आज राज्याचं टोपणनाव तेच आहे. मुलांना हेही कळू दे.

गथ्रीकर
सूनरचं सांगायला हवं, कबूल. १८६६ पण सांगा. पण धाव बंद केली की त्या जागी दुसरं काही येत नाही, एप्रिल तसाच कोरडा जातो. माझ्या मुलाला १८८९ हे साल आजही त्या मैदानामुळेच आठवतं.

माळरान
त्याला १८६६ आठवतं का?

गथ्रीकर
नाही आठवत.

तरी माझं मत बदललेलं नाही. मिरवणुकीला लेकीला घेऊन या. लँग्स्टन गथ्रीपासून लांब नाही, तेही दाखवतो.

माळरान
येतो आम्ही. वर्गशिक्षिकेला पत्र लिहिलंय. धावेच्या ऐवजी मुलांनी नकाशा काढावा आणि तो १८८९ पासून नाही, जमातींना पूर्वेकडून हाकललं त्या १८३० च्या कायद्यापासून सुरू व्हावा, एवढंच मागितलंय. उत्तर आलं की इथे कळवते.