आधी शुद्धलेखन, मग क्रिकेट. पण तोवर अंधार पडतो

सातपूरची आई:
मुलगा तिसरीत आहे. रोज दहा ओळी शुद्धलेखन आणि एक पाढा, एवढाच अभ्यास. साडेपाचला खाली क्रिकेट सुरू होतं. ‘आधी अभ्यास, मग खेळ’ असं सांगितलंय. तो वही उघडून खिडकीतून बघत बसतो. सात वाजतात, पोरं घरी जातात, मग रडारड. काल त्यानं वहीचं पान फाडलं आणि मी त्याच्या हातावर मारलं. रात्री झोप लागली नाही. नियमच चुकतोय का?

झेडपी गुरुजी:
ताई, नियम बरोबर आहे, माप चुकलंय. दहा ओळी त्याला डोंगर वाटतात. तीन ओळी झाल्या की लगेच पाच मिनिटं चेंडू, मग परत वही. ‘रविवारी नेईन’ या वयात चालत नाही.
आणि बक्षीस त्याच्या आवडीचं हवं. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने 1959 साली पहिलीच्या मुलांवरचा प्रयोग मांडला. समोर खाऊच्या गोळ्या आणि पिनबॉलचं, म्हणजे छोटा चेंडू उडवत खेळायचं यंत्र. ज्यांना यंत्रच जास्त आवडायचं, त्यांना ‘आधी गोळी खा, मग खेळ’ म्हटलं, तर ती जास्त गोळ्या खाऊ लागली. म्हणजे गोळीच त्यांचं काम झाली! माझ्या वर्गात एक मुलगा फळा पुसायला मिळावा म्हणून वजाबाकी सोडवतो. मी चॉकलेट देऊन पाहिलं होतं, ते त्यानं दप्तरात ठेवून दिलं.

दोन नातवांची आजी:
अगं, वही चारलाच काढ. पोरं खाली ओरडत असताना कुणाचं लक्ष लागेल? एक मात्र सांभाळ. जे तो आपणहून करतो त्याला बक्षीस लावू नकोस. थोरला नातू गोष्टी स्वतःहून वाचायचा. आम्ही ‘एक पुस्तक, अर्धा तास मोबाईल’ केलं, तर तो उरलेली पानं मोजायला लागला. पुन्हा मनापासून वाचायला वर्ष गेलं. अजून वाईट वाटतं.

सातपूरची आई:
सहा दिवस झाले. चारला बसतो. तीन ओळी, मग जिन्याखाली भिंतीवर चेंडू. बुधवारी वर आलाच नाही, मी खाली जाऊन पाच मिनिटं त्याच्याबरोबर खेळले, मग आला. बाराचा पाढा जिना चढता चढता म्हणतो, एका पायरीला एक. काल पाच वाजताच सगळं झालं होतं. फाटलेलं पान आम्ही दोघांनी मिळून चिकटवलं.