मदत हवी आहे: ग्राफीन ऑक्साइडवर विझलेला उजेड परत येईना

राम राम मंडळी. जळगावला एमएस्सीचा प्रोजेक्ट करतोय. फॅम हा चमकणारा (फ्लुरोसंट) रंग लावलेला एकपदरी डीएनए ग्राफीन ऑक्साइडमध्ये (कार्बनचे अतिपातळ थर) टाकला की तो थराला चिकटतो आणि रंगाचा ५२० नॅनोमीटरचा उजेड जवळपास विझतो, इथपर्यंत झकास. पण जोडीचा (त्याच्याशी जुळणारा दुसरा पदर) डीएनए घालून तासभर थांबलो तरी तो जेमतेमच परत येतो. जोडी जमली की दुपदरी डीएनएने थरावरून सुटायला हवं ना? बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) मॅग्नेशियमचं मीठ ५ मिलीमोलर आहे, आणि कुपीच्या तळाशी काळपट गाळ बसतो. मीठ जास्त झालं, की ग्राफीन ऑक्साइडच जास्त पडलं? त्यात एसी बंद, खोलीत चाळीसच्या वर पारा! ग्राफीन ऑक्साइडचं प्रमाण तुम्ही कसं ठरवता? ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट) थोडं घालून कोणी पाहिलंय का?