मदत हवी आहे: रेस्क्यू सेंटरला सहा रविवार नुसते क्रेट धुतोय, चालू ठेवू का?

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकचा, सातपूरला कंपनीत आहे, सुट्टी फक्त रविवारी. आजोळ येवल्याचं, म्हणजे संक्रांतीचे तीन दिवस गच्चीवर, हातात आसारी (मांजाची फिरकी) आणि खाली हलकडी (ताशासारखं वाद्य) वाजतेय असं लहानपण गेलंय. पतंगापायी पक्षी मरतात हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. यंदा किंक्रांतीनंतर दोन दिवसांनी सोसायटीतल्या झाडाला एक घार उलटी लटकलेली दिसली. फायर ब्रिगेडवाल्यांनी शिडी लावून उतरवली. नायलॉन मांजा, २०१७ पासून देशभर बंदी आहे तोच. पंखाच्या पुढच्या कडेला पातळ कातडी असते ना, ती चिरत पार हाडापर्यंत गेलेला. मी टीव्हीच्या खोक्यात ठेवली, ड्रॉपरने चोचीत पाणी घातलं, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावला, त्यांची गाडी आली आणि घेऊन गेली.

घार गेली पण डोक्यातून जाईना. म्हणून ती जिथे नेली त्या सेंटरला व्हॉलंटियरचा फॉर्म भरला (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). आज सहावा रविवार. सहा रविवारांत काय केलं तर क्रेट घासले, पेपर बदलले, चिकनचे तुकडे केले आणि उरलेलं खाणं वजनकाट्यावर ठेवून रजिस्टरमध्ये लिहिलं. १०० ग्रॅम टाकलं, ३० उरलं, सही. पिंजऱ्यांवर चादरी टाकलेल्या, पक्षी धड दिसतही नाही. मागच्या रविवारी एका पिंजऱ्याशी "काय रे बाळा" एवढंच म्हणालो तर तिथल्या मुलीने, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, सगळ्यांसमोर झापलं. फोटो काढायचा नाही, मोबाईल बाहेर. माझी घार कशी आहे विचारलं तर फळ्यावर बघा म्हणे, फळ्यावर नुसते नंबर.

घरी आल्यावर बायको म्हणते आधी आंघोळ, मग बोल. आणि एवढा कोंबडीचा वास घरातल्या ओट्याजवळ कधी आला नाही तुमचा, हेही ऐकवते.

तर प्रश्न असे. सगळीकडे असंच असतं का? की मला कटवतायत? हे सोडून दर महिन्याला पैसे पाठवले तर जास्त उपयोग होईल का? आणि रेबीजची लस घ्या म्हणतात ती पक्ष्यांच्या कामालाही लागते का?

जुन्नरकर

सगळीकडे असंच असतं, आणि जिथे असं नसेल तिथे जाऊ नका. जिथे पहिल्याच दिवशी पिल्लू मांडीवर देऊन रील काढू देतात तिथे काहीतरी गडबड आहे असं समजायचं.

आमच्याकडे ऊसतोडीत बिबट्याची बछडी सापडतात. लोकांना वाटतं ती उचलून माणिकडोहच्या बिबट्या रेस्क्यू सेंटरला नेतात आणि बाटलीने दूध पाजतात. आधी प्रयत्न उलटा असतो. डॉक्टर तपासतात, ओळखीसाठी चिप बसवतात आणि संध्याकाळी ज्या शेतात सापडली तिथेच खोक्यात परत ठेवतात, कॅमेरा लावून सगळे लांब. आई अंधारात येते आणि एकेक करून तोंडात धरून नेते. त्या रात्री मदत म्हणजे काय, तर गावातल्या पोरांना शेताकडे फिरकू न देणं. बछडी जवळून बघायलासुद्धा मिळत नाहीत.

तुमचं "काय रे बाळा" प्रेमाचं असेल, पण घारीला ते शिकाऱ्याचं गुरगुरणं. मोठा पक्षी घाबरून पिंजऱ्यावर आपटतो, टाके उसवतात, पिसं मोडतात. पिल्लू असेल तर उलटंच होतं, ते माणसाला आपलं समजायला लागतं आणि सोडल्यावर कुणाच्या तरी गॅलरीत जाऊन बसतं.

पशुवैद्य_शिकाऊ

दादा, ते ३० ग्रॅम हलक्यात घेऊ नका. पक्षी आजारी असला तरी शेवटपर्यंत दाखवत नाही. काल ३० उरलं आणि आज ७० उरलं तर डॉक्टरला आधी तुमच्या रजिस्टरमधूनच कळतं.

रेबीज सस्तन प्राण्यांचा आजार, घारीकडून होत नाही. पण सेंटरला माकड, कोल्हा, उदमांजर, वटवाघूळ काहीही येऊ शकतं म्हणून घ्याच. आधीच घ्यायचे तीन डोस असतात, पहिला, सातव्या दिवशी, मग २१ किंवा २८ व्या दिवशी. धनुर्वाताचंही बघून घ्या.

आणि पाणी. जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी घालू नये, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, सरळ फुप्फुसात जातं. खोकं, अंधार, शांतता, फोन. बस.

कोपऱ्यातला

एवढा त्रास कशाला. आम्ही गावी एक घार घरीच बरी केली होती, दूध-पाव खायची.

जुन्नरकर

@कोपऱ्यातला घारीला दूध-पाव? ती बरी झाली असेल तर तुमच्यामुळे नाही, तुम्ही असूनही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन्यप्राणी सरकारी मालमत्ता, ताब्यात आला की ४८ तासांत कळवावं लागतं. तो विषय इथे थांबवू.

धागाकर्ते, पैसे पाठवा, लागतातच, पण हात सोडू नका. पैसे देणारे महिन्यातून एकदा आठवण ठेवतात, रविवारी सकाळी क्रेट घासायला कोणी येत नाही. गाडी असेल तर ते आधी सांगा. तालुक्याहून जखमी प्राणी आणायला माणूस आणि गाडी दोन्हीची मारामार असते. आणि येवल्यात तुमची ओळख आहे. संक्रांतीनंतर झाडांवर लोंबणारा मांजा उतरवायला पोरं जमवा, सेंटरला जितके पक्षी येतात त्यापेक्षा जास्त तिथे वाचतील.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. खरं सांगतो, थोडी शरम वाटली. आज त्या मुलीशी नीट बोललो, तिने स्वतःहून नंबर सांगितला. माझी घार १४. टाके निघालेत, पण अजून मोठ्या पिंजऱ्यात उडवून बघितलेली नाही, ती कातडी आखडली तर सोडता येणार नाही म्हणाली. मामांना फोन केलाय, ते आधी हसले, मग म्हणाले शिडी आहे आपल्याकडे.

एक शेवटचं. बायकोने जुने टॉवेल काढून ठेवलेत, आठ-दहा आहेत, नेऊ का?

पशुवैद्य_शिकाऊ

टर्किशचे असतील तर पक्ष्यांना नकोत, दोऱ्यांत नखं अडकतात. जुन्या चादरी आणि टीशर्ट न्या. टॉवेल फरशीला.