निधनाची बातमी जाहिरात निघाली, तर फसले कोण?

प्रश्न (ओसरीवाला):
२ फेब्रुवारी २०२४ रोजी अभिनेत्री पूनम पांडे यांचे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निधन झाल्याचा मजकूर त्यांच्याच इन्स्टाग्राम खात्यावर आला, त्यांच्या व्यवस्थापकांनी त्याला दुजोरा दिला आणि वाहिन्यांपासून संकेतस्थळांपर्यंत सर्वत्र ती बातमी झळकली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चित्रफितीतून आपण जिवंत असल्याचे आणि हे सारे जनजागृतीसाठी केल्याचे सांगितले. मोहिमेशी संबंधित जाहिरात संस्थेने पुढे माफीही मागितली. लोकांचा राग या दोघांवर निघाला, माध्यमांना मात्र ‘बिचारी फसली’ म्हणून सोडून देण्यात आले. रुग्णालय, कुटुंबीय, अंत्यसंस्कार यांपैकी कशाचाही पत्ता नसताना निधनाची बातमी देणारे माध्यम खरोखर ‘फसलेले’ असते का?

प्रतिसाद १ (मुद्रितशोधक):
माझ्या मते नसते. खाते आणि ते सांभाळणारा व्यवस्थापक हे दोन स्रोत नव्हेत, तो एकच स्रोत दोनदा बोलला. निधनाच्या बातमीसाठी घरी किंवा रुग्णालयात फोन करणे हे उपसंपादकाचे अगदी प्राथमिक काम आहे, आणि ‘बाकीच्यांनी दिली’ हे ते न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

तरीही सगळा दोष वृत्तकक्षावर टाकता येणार नाही. मार्च २०२१ च्या अखेरीस फोक्सवॅगनच्या अमेरिकी शाखेने आपले नाव ‘व्होल्ट्सवॅगन’ होणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा ही एप्रिल फूलची थट्टा तर नव्हे ना, असे पत्रकारांनी कंपनीला थेट विचारले होते. उत्तर ‘नाही’ असे मिळाले, असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेने बातमी दिली आणि मग ती थट्टाच असल्याचे कंपनीने कबूल केले. तिथे पडताळणी झाली होती, पण उत्तर देणाराच खोटे बोलला. डिझेल गाड्यांच्या धूर-चाचण्यांमधील लबाडी २०१५ मध्ये उघड झालेल्या कंपनीने असा विनोद करावा, हे विशेष.

प्रतिसाद २ (जाहिरातवाला):
याच व्यवसायात असल्यामुळे एक फरक नोंदवतो. १ एप्रिल १९९६ रोजी टॅको बेल या खाद्यपदार्थांच्या साखळीने अमेरिकी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन फिलाडेल्फियाची ‘लिबर्टी बेल’ ही ऐतिहासिक घंटा विकत घेतल्याचे जाहीर केले. लोक संतापले, पण जागा पैसे देऊन घेतलेली होती, तारीख बोलकी होती आणि त्याच दिवशी खुलासा झाला. पांडे प्रकरणात जागा बातमीची होती आणि फुकट मिळाली. अशा मोहिमेनंतर ग्राहकापुढे ठेवल्या जाणाऱ्या अहवालात शिव्या घालणारे कात्रणही प्रसिद्धी म्हणूनच मोजले जाते, त्यामुळे नुसत्या निषेधाने हा प्रकार थांबणार नाही.

प्रतिसाद ३ (आशाताई):
जागृतीच्या युक्तिवादाविषयी थोडेसे. आदल्याच दिवशी, १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात, गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठी ९ ते १४ वयोगटातील मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे अर्थमंत्र्यांनी जाहीर केले होते. चर्चेसाठी खरी बातमी हाताशी होती, तिच्यासाठी कोणालाही मारण्याची गरज नव्हती.

प्रतिसाद ४ (कोचीवासी):
इथे केरळमध्ये तर याच्याही पुढचे पाहिले. २४ जानेवारी २०२५ रोजी अनेक मल्याळम दैनिकांचे पहिले पान एका अभिमत विद्यापीठाच्या परिषदेच्या जाहिरातीने व्यापले होते, आणि त्यावर २०५० सालच्या काल्पनिक बातम्या नेहमीच्या बातम्यांसारख्याच मांडल्या होत्या. त्यांतली मुख्य म्हणजे १ फेब्रुवारीपासून कागदी नोटा बंद होऊन केवळ डिजिटल चलन राहणार. २०१६ ची नोटाबंदी अनुभवलेल्या वाचकाचे असे वाचून काय झाले असेल, याची कल्पना करा. एका वृत्तवाहिनीवर तर ती खरी समजून वाचली गेली. हा विपणनाचा मजकूर असल्याची सूचना होती, पण मथळ्याच्या मानाने ती सहज नजरेआड होणारी होती.

ओसरीवाला, आपल्या प्रश्नातील माध्यमे निदान निष्काळजी होती असे म्हणता येईल. इथे संपादकांनी काय छापले जात आहे हे ठाऊक असूनही पहिले पान विकले. माझी मागणी एवढीच आहे की, जाहिरातीला बातमीचा टंक, स्तंभरचना आणि तारीख-ओळ वापरू देऊ नये, आणि ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावा.