मदत हवी आहे: 'सँक्शन' म्हणजे मंजुरी की शिक्षा?

नमस्कार मंडळी,

इंग्रजी बातम्या आणि अहवाल वाचायचा सराव चालू आहे. त्यात एक शब्द सारखा आडवा येतो: सँक्शन. आपल्या कानावरचा अर्थ एकच, मंजुरी. कर्ज सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली. बातमीत मात्र एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादतात, तेव्हा अर्थ निर्बंध. म्हणजे बरोब्बर उलटा!

नामापुरतं निभावतं, खरा घोटाळा क्रियापदाचा आहे. ही दोन वाक्यं बघा:

द बोर्ड सँक्शन्ड द टूर.
द बोर्ड सँक्शन्ड द कॅप्टन.

पहिल्यात दौऱ्याला परवानगी मिळाली आणि दुसऱ्यात कर्णधारावर कारवाई झाली असं मला वाटतं. पण का वाटतं ते सांगता येत नाही, आणि शब्दकोशात दोन्ही अर्थ एकाखाली एक देऊन ठेवलेत. ओळखायची काही खूण आहे का? आणि स्वतः लिहिताना हा शब्द वापरावा की टाळावा? एकाच शब्दाला असे दोन विरुद्ध अर्थ चिकटले कसे, हेही कुणाला ठाऊक असेल तर वाचायला आवडेल.

प्रतिसाद

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. खूण वाक्यातल्या कर्मात आहे. कर्म म्हणजे एखादी कृती, योजना, खर्च, दौरा असेल तर 'सँक्शन' म्हणजे मंजूर करणे. कर्म म्हणजे माणूस, कंपनी, संघ किंवा देश असेल तर कारवाई करणे. मंजुरी गोष्टीला मिळते, शिक्षा कुणाला तरी होते. एवढं धरून ठेवलंत की बहुतेक वाक्यं सुटतात.

नामाचंही सांगते. निर्बंध या अर्थी ते बहुधा अनेकवचनात येतं आणि त्याच्याबरोबरची क्रियापदं ठरलेली असतात: इम्पोज सँक्शन्स ऑन, लिफ्ट सँक्शन्स, ईझ सँक्शन्स. लादणे, उठवणे, शिथिल करणे. परवानगीच्या अर्थी ते एकवचनी असतं आणि मागे बहुतेकदा परवानगी देणारा उभा असतो: विदाउट द सँक्शन ऑफ द कोर्ट, म्हणजे न्यायालयाच्या मंजुरीशिवाय. पण वचनावर फार विसंबू नका. कायद्याच्या लेखनात 'अ सँक्शन' असं एकवचनही दंड या अर्थी सर्रास भेटतं.

प्रतिसाद

दोन अर्थ कसे चिकटले याबद्दल. मूळ लॅटिन 'सांकीरे', म्हणजे पवित्र ठरवून पक्कं करणं. सेंट आणि सँक्चुअरी हे शब्दही त्याच कुळातले. त्यावरून 'सांक्तिओ' म्हणजे फर्मान, आणि कायद्यातलं ते कलमही, जे मोडणाऱ्याला काय शिक्षा होईल हे सांगतं. म्हणजे मुळात दोन उलटे अर्थ नव्हतेच. एकच कल्पना होती: अधिकाराने केलेला नियम. तो संमती देतो आणि मोडला तर दंडही करतो. पुढे इंग्रजीत एका टोकाला मंजुरी उरली, दुसऱ्या टोकाला दंड. नुसत्या फर्मानाचा अर्थ इतिहासाच्या पुस्तकांत अजून दिसतो: पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सहावा चार्ल्स याने 1713 मध्ये वारसाहक्कासाठी काढलेली 'प्रॅग्मॅटिक सँक्शन' ही ना मंजुरी, ना शिक्षा; ते राजफर्मान होतं.

इंग्रजीत नाम आधी आलं. मंजूर करणे हे क्रियापद अठराव्या शतकातलं, आणि शिक्षा करणे हा क्रियापदाचा अर्थ त्याहून बराच अलीकडचा, विसाव्या शतकात रुळलेला. देशांवरच्या निर्बंधांसाठी हा शब्द गाजला तो राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या लीग ऑफ नेशन्सच्या काळात. इथिओपियावर आक्रमण केलं म्हणून 1935 मध्ये इटलीवर असे निर्बंध घातले गेले. गंमत अशी की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या ज्या 41 व्या कलमाखाली आज निर्बंध लावतात, त्या कलमात 'सँक्शन' हा शब्दच नाही.

आणि इंग्रजीला हसण्याआधी आपलं 'शासन' बघा. राज्य चालवणारंही शासन आणि गुन्हेगाराला होतं तेही कडक शासन. 'राज्य शासनाने योजना मंजूर केली' आणि 'दोषींना शासन झालेच पाहिजे' ही वाक्यं एकाच पानावर वाचून आपण कधी अडखळत नाही.

धागाकर्ती

'शासन' फारच चपखल! कर्माची खूण आता पक्की डोक्यात बसली. पण लगेच एक वाक्य तिला धाब्यावर बसवणारं सापडलं: 'सँक्शन्ड ऑइल'. तेल तर वस्तू आहे. मग हे मंजूर झालेलं तेल का?

प्रतिसाद

नाही, निर्बंधांखाली आलेलं तेल. विशेषणात शिरलं की हे रूप जरा बेभरवशाचं होतं. 'सँक्शन्ड एंटिटीज', 'सँक्शन्ड बँक', 'सँक्शन्ड ऑइल' हे सगळे निर्बंधांच्या बातम्यांतले. तिथे तेल म्हणजे निर्बंध असलेल्या देशाचं तेल. उलट 'स्टेट-सँक्शन्ड' म्हणजे सरकारच्या संमतीने झालेलं, आणि 'सँक्शन्ड इव्हेंट' म्हणजे खेळाच्या अधिकृत संस्थेची मान्यता असलेली स्पर्धा. 'अनसँक्शन्ड' मात्र जवळजवळ नेहमीच विनापरवानगी. इथे कर्म नव्हे, बातमीचा विषय बघायचा.

प्रतिसाद

लिहिताना काय करावं याचं उत्तर राहिलंच की. माझं मत रोखठोक आहे: क्रियापद टाळा. मंजुरीसाठी अप्रूव्ह किंवा ऑथराइझ, शिक्षेसाठी पीनलाइझ. 'द कमिटी डिड नॉट सँक्शन हिम' असं लिहिलंत तर वाचणारा क्षणभर थांबणारच, आणि त्याला थांबवून तुमचा काही फायदा नाही. नाम वापरायला हरकत नाही, देशांवरच्या निर्बंधांना तर दुसरा इतका रुळलेला शब्दच नाही.

कर्ज आणि रजेबद्दल: 'सँक्शन अ लोन' चूक नाही, भारतीय इंग्रजीत ते पूर्ण रुजलेलं आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्याच ठिकाणी 'अप्रूव्ह अ लोन' म्हणतात, रजेलाही अप्रूव्ह. तिकडच्या वाचकासाठी किंवा परीक्षेसाठी लिहीत असाल तर तेच लिहा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: 'ही गेव्ह हिज सँक्शन टु द प्लॅन' चालेल का, की तिथे 'फॉर' हवं?

प्रतिसाद

'टु' बरोबर आहे. वाक्य जरा औपचारिक वाटेल, बोलताना कुणी असं म्हणत नाही, पण अहवालात शोभेल.