जुन्या पायपर कबची झिजलेली लाकडी फ्लोअरबोर्ड: कोणतं प्लाय, किती जाडीचं?

शेपूटचाक: १९४६ चं पायपर जे-३ कब हे दोन सीटचं छोटं विमान, अमेरिकेत नोंदलेलं. मागच्या सीटसमोरची फळी हील ब्रेकच्या (टाचेने दाबायच्या ब्रेकच्या) खाचांजवळ झिजून वरचा थर उडालाय, दोन स्क्रूंची भोकं लांबट झालीत. पुढची फळी बरी दिसते. फळी पाव इंची आहे. तिच्या जागी ३/८ इंची मरीन प्लाय घातलं तर जास्त टिकेल का? आणि हे काम मालक स्वतः करू शकतो का?

रंधा_पटाशी: जाडी वाढवू नका. वजन फार वाढत नाही, बर्च प्लायचा हिशोब धरला तर चौरस मीटरमागे साधारण दोन किलो. खरा घोटाळा पेडलचा होतो. फळी १/८ इंच वर आली की हील ब्रेकचं पेडल तेवढंच कमी वर राहतं. टाच फळीवर टेकते, ब्रेक मात्र पुरता लागलेला नसतो. स्टिकच्या (विमान चालवायच्या दांडीच्या) खाचेतली मोकळी जागाही बदलते.

जाडी मोजताना झिजलेला भाग सोडा. सीटखाली किंवा पट्टीखाली झाकलेल्या कडेला व्हर्नियर लावा, पार्ट्स कॅटलॉगशी ताडून बघा. प्लाय एमआयएल-पी-६०७० (विमानाच्या प्लायचा अमेरिकी लष्करी दर्जा) प्रतीचं घ्या, बर्च किंवा महोगनी. साध्या दुकानी प्लायमध्ये आतल्या थरात पोकळ्या असतात. स्क्रू नेमका पोकळीवर आला की पकड जाते आणि थर सुटायला तिथूनच सुरुवात होते. चांगलं मरीन प्लाय पाण्याला टिकतं, पण प्रमाणित विमानात त्याचा कागद कोण देणार?

जुनी फळी फेकू नका, तोच तुमचा साचा. भोकं लांबट झाली असतील तर भोकाच्या मधोमध नव्हे, सांगाड्याच्या ट्यूबवरच्या कानाचं (ज्यात फळीचा स्क्रू बसतो त्या पट्टीचं) भोक बघून खूण करा. वरच्या थराची शीर एका आधारापासून दुसऱ्या आधाराकडे जाणारी ठेवा, आडवी ठेवली तर फळी जास्त लवते. कापण्याआधी रेषेवर मास्किंग टेप लावा आणि बारीक दातांचं पान वापरा, नाहीतर कडेची शीर उचकटते.

भोकात_वॉर्निश: मी फक्त सीलिंगचं सांगतो, कारण घाई तिथेच होते. प्लाय सपाट बाजूने कमी आणि कडेने जास्त पाणी पितं. एपॉक्सी वॉर्निशचा पहिला हात पातळ करून कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत मुरवा. मग दोन्ही बाजूंना आणखी दोन हात, मध्ये हलका सँडपेपर. सगळी भोकं वॉर्निशच्या आधी पाडून घ्या. नंतर पाडलेलं भोक म्हणजे आतल्या थरापर्यंत उघडी वाट.

स्क्रू १०-३२ मापाचे असतील तर लाकडावर एएन ९७०-३ हा रुंद वॉशर घाला. साधा वॉशर लाकडात रुततो, पकड ढिली पडते, आणि भोकं लांबट होतात ती त्यामुळेच. वॉशर टेकून किंचित दबला की थांबा. फळीवर फोमचा गालिचा चिकटवू नका. तो ओल धरतो आणि खालच्या ट्यूबला गंज चढवतो.

टॉर्क_ट्यूब: फळी निघाली की खरं काम समोर येतं. दोन्ही स्टिक जोडणारी फिरती नळी, म्हणजे टॉर्क ट्यूब, आणि कंट्रोलच्या केबल खालीच आहेत. केबलवरून कापड फिरवा, तुटलेली तार धागा ओढते. पुली हाताने फिरते का बघा. खालच्या लाँजेरॉनचा (सांगाड्याच्या लांब ट्यूबचा) रंग फुगलेला असेल तर खरवडून बघा. लाल हायड्रॉलिक तेल दिसलं तर आधी ब्रेकची गळती काढा, तेल प्यालेल्या लाकडावर वॉर्निश धरत नाही. गंज सापडला तर फळी बसवण्याआधीच मेकॅनिकला दाखवा. फळीसाठी ट्यूबला नवं भोक कधीही पाडू नका. कान नसेल तिथे कुशन क्लॅम्प (आत रबर असलेली पकड) वापरा.

पुढची फळीही याच वेळी काढा. कब एकट्याने उडवताना मागे बसतात, म्हणून झीज मागे जास्त. पण पुढची वरून बरी दिसली तरी खालून काळी पडलेली असू शकते.

बसवल्यावर मागे वजनदार माणूस बसवा, त्याला टाचा दाबून धरायला सांगा, आणि स्टिक चारही कोपऱ्यांत, रडर (शेपटीचं उभं सुकाणू) दोन्ही टोकांना नेऊन बघा. रिकाम्या विमानात मोकळी वाटणारी फळी वजनाखाली लवून केबलला टेकू शकते. काढलेले स्क्रू मोजून डबीत ठेवा. खाली राहिलेला एक स्क्रूसुद्धा एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) अडवू शकतो.

शेपूटचाक: पाव इंचीच घेतो, दोन्ही फळ्या काढतो. कागदपत्रांचं?

लॉगबुक_काका: हे मालकाने एकट्याने करून सही करायच्या यादीतलं काम समजू नका. ती यादी अमेरिकी विमान नियमांच्या पार्ट ४३ च्या परिशिष्ट ए मध्ये आहे, आणि इथे तर कंट्रोलच्या वाटेतली वस्तू निघते. ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेल्या) मेकॅनिकच्या देखरेखीखाली हात तुम्ही लावा, कलम ४३.९ प्रमाणे नोंद आणि सही त्यांची. फळी स्वतः बनवणार असाल तर त्याच नियमांच्या कलम २१.९(ए)(५) प्रमाणे मालकाने बनवलेला भाग म्हणून चालते. त्यासाठी जुन्या फळीवरून काढलेलं मापांचं रेखाचित्र, प्लायचं प्रमाणपत्र आणि वॉर्निशचा तपशील एकत्र ठेवा. आधी मेकॅनिकशी बोला, मग लाकूड मागवा. जुनी-नवी दोन्ही फळ्या तोलून फरक त्यांना द्या.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: भारतात नोंदलेल्या विमानाला हा अमेरिकी नियम लागू नाही. डीजीसीएचा (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा) परवाना असलेल्या एएमईला, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरला, विचारल्याशिवाय स्क्रूसुद्धा काढू नका.