मदत हवी आहे: अपडेटच्या फाईलचा फॉरमॅट बदलला आणि जुनी व्हर्जन्स जागेवरच अडकली

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आम्ही दोघं मिळून यंत्रमाग कारखान्यांसाठी हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर करतो. टॉवेल-चादरीचे कारखाने, बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतले. पगार आठवड्याला होतो, त्यामुळे हिशेबात गडबड झाली तर ती थेट कामगाराच्या हातातल्या चिठ्ठीवर दिसते. म्हणून जरा घाईनं विचारतोय.

सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की आमचं सॉफ्टवेअर सर्व्हरवरची एक छोटी जेसन फाईल (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा साधा मजकूर) वाचतं. तिच्यात तीनच गोष्टी: ताजं व्हर्जन, सेटअपची लिंक आणि एसएचए-१ हॅश (सेटअप जसाच्या तसा उतरला का हे ताडून बघायचा ठसा). व्हर्जन मी पहिल्यापासून आकडा म्हणून ठेवलं होतं. ४.९ नंतर ४.१० काढायची वेळ आली तेव्हा चूक लक्षात आली. आकडा म्हणून ४.१० म्हणजे ४.१, ते ४.९ पेक्षा लहान. मग व्हर्जन '४.१०.०' असं स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून, टाकलं, आणि त्याच वेळी हॅशही एसएचए-२५६ केला. ४.६ पासून दोन्ही फॉरमॅट वाचायची सोय करून ठेवली होती. तोवर सगळे ४.६ च्या पुढे गेले असतील असं धरून चाललो.

नव्हते गेले. फोन करकरून काढलेला आकडा: ५८ पैकी २३ कारखान्यांत निदान एक कॉम्प्युटर ४.५ किंवा त्याआधीच्या व्हर्जनवर आहे. गोदामातली मशीन महिनोन्महिने नेटला जोडलेलीच नव्हती. आता जोडली तरी ते सॉफ्टवेअर आकड्याच्या जागी स्ट्रिंग बघून अडखळतं, आणि माझ्या जुन्या कोडनं ती एरर गिळून टाकलेली आहे. काल एका कारखान्यात जाऊन पाहिलं. कीबोर्डवर सुताचा भुगा साचलेला, स्क्रीनवर हिरवी खूण आणि तिच्याखाली ओळ: 'आपले व्हर्जन अद्ययावत आहे.' व्हर्जन होतं ४.३.

दुसरी अडचण यातूनच आली आणि ती मला जास्त लागली आहे. ४.१० मध्ये कामगाराचं नाव तेलुगूतही लिहायची सोय दिली. हजेरीची फाईल पेनड्राइव्हवरून ऑफिस आणि गोदामात ये-जा करते. ऑफिसात ४.१०, गोदामात ४.३. जुन्या सॉफ्टवेअरला तेलुगू नावाचा रकाना माहीतच नाही. त्यानं फाईल उघडली, कळलं तेवढं वाचलं आणि सेव्ह करताना ओळखीचं तेवढंच परत लिहिलं. पगाराच्या दिवशी दिवाणजींचा फोन आला, "अहो, तेलुगू नावं गेली की ओ सगळी!" शिलाईला बसणाऱ्या एका अक्कांना मराठी वाचता येत नाही. तेलुगूत नाव यायला लागल्यापासून त्या गठ्ठ्यातून आपली चिठ्ठी आपण उचलायच्या. त्या दिवशी पुन्हा शेजारणीला विचारत होत्या, यातली माझी कुठली.

२३ ठिकाणी गाडी घेऊन फिरण्याशिवाय काही मार्ग आहे का? आणि डेटा असा पुसला जाऊ नये म्हणून फाईलमध्ये काय ठेवायला हवं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

फिरायची गरज नाही. आज रात्रीच जुन्या लिंकवर जुना फॉरमॅट परत ठेवा, जसाच्या तसा: व्हर्जन आकड्यात, हॅश एसएचए-१, तीनच की (फाईलमधल्या नोंदींची नावं). एकही नवी की वाढवू नका, तुमचा जुना कोड तिच्यामुळे अडतो का हे आत्ता कुणालाच ठाऊक नाही. बाहेर गेलेलं सॉफ्टवेअर आता तुमच्या हातात नाही, सर्व्हर आहे. ती लिंक कायमची गोठवायची आणि नव्या फॉरमॅटला नवी लिंक द्यायची.

जुन्या लिंकवर मात्र ताजं व्हर्जन लावू नका. एक मधलं व्हर्जन काढा, त्याचं काम एवढंच की नवा फॉरमॅट वाचता यावा आणि पुढच्या वेळी नव्या लिंकवर जावं. फायरफॉक्सवाले याला वॉटरशेड म्हणतात. त्यांचं ५६ हे असंच मधलं स्टेशन होतं, कारण अपडेट फाईलचं कॉम्प्रेशन बदललं आणि ते उलगडणं त्याच्या आधीच्या व्हर्जनना जमत नव्हतं. मायक्रोसॉफ्टनंही २०१९ मध्ये विंडोज ७ ला आधी एसएचए-२ ही नवी डिजिटल सही ओळखायला शिकवणारा अपडेट दिला. तो न घेतलेल्या मशीनला पुढचे अपडेट मिळेनासे झाले. क्रम महत्त्वाचा: आधी वाचायला शिकवायचं, मग त्या फॉरमॅटमध्ये लिहायचं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण मधल्या व्हर्जनचा नंबर जपून ठरवा. तुमच्याकडे आता तीन प्रकारची मशीन्स आहेत. ४.५ पर्यंतची आकडा म्हणून तुलना करतात, ४.६ ते ४.९ दोन्ही वाचतात, आणि ४.१० वाली टिंबावर तोडून तुलना करत असणार. जुन्या लिंकवर ४.९ ठेवलंत तर आधीच ४.९ वर असलेले तिथेच राहतील. ५.० दिलंत तर सगळे घेतील, पण तो नंबर मला खऱ्या नव्या व्हर्जनसाठी राखून ठेवावासा वाटतो.

४.९१ द्या. आकडा म्हणून ते ४.९ पेक्षा मोठं. टिंबावर तोडलं तर ९१ हे १० पेक्षा मोठं. कुठल्याही पद्धतीनं तुलना केली तरी उत्तर एकच.

आणि मागणी करताना सॉफ्टवेअर स्वतःचं व्हर्जन सर्व्हरला कळवतं का? नसेल तर ४.९१ मध्ये तेही घाला. फायरफॉक्सच्या अपडेटच्या पत्त्यातच व्हर्जन असतं, म्हणून कोण कुठे अडकलंय ते त्यांना सर्व्हरवर बसून दिसतं. तुम्हाला ५८ फोन करावे लागले.

धागाकर्ता

४.९१ चं अजिबात सुचलं नव्हतं, मनापासून आभार. व्हर्जन कळवत नाही, ते घालतो. जुनी लिंक रात्रीच पूर्ववत केली. आता डेटाच्या फाईलबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

डेटासाठी एक व्हर्जन नंबर पुरत नाही, दोन लागतात. एस्क्यूलाइट या डेटाबेसच्या फाईलचं हेडर, म्हणजे सुरुवातीचा भाग, बघा. १०० बाइटचं असतं, त्यात १८ व्या ऑफसेटला (सुरुवातीपासून मोजलेली जागा) लिहिण्याचं व्हर्जन आणि १९ व्या ऑफसेटला वाचण्याचं. लिहिण्याचं व्हर्जन ओळखीच्या पलीकडचं पण वाचण्याचं ओळखीचं असेल तर ती फाईल फक्त वाचण्यापुरती उघडते. वाचण्याचंही पलीकडचं असेल तर उघडतच नाही. तुमच्या गोदामातल्या मशीननं नेमकं असंच वागायला हवं होतं: हजेरी दाखव, पण सेव्ह करू नको.

अडचण अशी की तुमचं ४.३ व्हर्जन हे दोन आकडे तपासणारच नाही, त्याला ते शिकवलेलंच नाही. जे ते आधीपासून तपासतं त्याचाच उपयोग करा. फाईल उघडताना ते ठरावीक एक्स्टेन्शनच्याच फाईली दाखवत असेल ना? मग नव्या फाईलचं एक्स्टेन्शन बदला, त्याला ती दिसणारच नाही. गोदाम अपडेट होईपर्यंत ऑफिसातून जुन्या फॉरमॅटची वेगळी प्रत काढून द्या. ती भरून परत आली की त्यातली फक्त हजेरी उचला. जुन्या फाईलमध्ये तेलुगू नाव नसणं म्हणजे 'नाव रिकामं करा' नव्हे, 'मला माहीत नाही' एवढंच. हा फरक कोडमध्ये पाळला नाही तर एक्स्टेन्शन बदलूनही नावं जातील.

आणि यापुढे न ओळखलेला रकाना टाकून न देता जसा आला तसा परत लिहा. प्रोटोबफ या गूगलच्या डेटा-फॉरमॅटच्या प्रोटो३ या आवृत्तीत सुरुवातीला असे रकाने गळून जायचे, ३.५ पासून ते पुन्हा जपायला लागले.

धागाकर्ता

झालेलं कळवतो. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ४.१ पासूनचे सगळे सेटअप एकेक करून टाकून बघितले. सगळे ४.९१ वर आले आणि तिथून नव्या लिंकवरून ५.०.० वर गेले. मुद्दाम एक जादा की घालूनही पाहिलं: ४.१ आणि ४.२ बंदच पडले. ती सूचना वेळेवर मिळाली.

२३ पैकी १९ ठिकाणची मशीन्स चार दिवसांत पुढे सरकली, आता सर्व्हरच्या लॉगमध्ये व्हर्जन दिसतं. दोन ठिकाणी नेटच नाही, तिथे सेटअप पेनड्राइव्हवर देऊन आलो. उरलेल्या दोघांच्या गोदामातले कॉम्प्युटर बंद आहेत, सुरू झाले की आपोआप येतील. हजेरीच्या फाईलला नवं एक्स्टेन्शन आणि आत दोन आकडे घातले. तेलुगू नावं ऑफिसच्या रोजच्या बॅकअपमधून परत मिळाली, फक्त त्या आठवड्यात नव्यानं लागलेल्या तिघांची पुन्हा भरावी लागली. ती दिवाणजींनी त्यांना समोर बसवून, अक्षर अक्षर विचारून भरून घेतली. या पगाराला चिठ्ठ्या नावांसकट निघाल्या.